कोकण किनाऱ्यावर घरी बांधलेला छोटा ड्रोन: पहिल्या सांध्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत

ज्यांनी आजवर सोल्डरिंग आयर्न (धातू वितळवून तारा जोडण्याचे हत्यार) हातात धरलेले नाही आणि रिमोटवर काहीही उडवलेले नाही, अशा नवशिक्यांसाठी हा लेख आहे. येथे ज्या ड्रोनची बांधणी सांगितली आहे, तो तळहातावर मावणारा, चार पंख्यांचा, बॅटरीसह साधारण ३० ग्रॅम वजनाचा आणि प्रत्येक पंख्याभोवती प्लॅस्टिकचे कडे असलेला असतो. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्याने सुरुवात याच आकारापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. पाच इंची पात्यांचा मोठा ड्रोन दिसायला आकर्षक असतो, पण त्याचे वजन अर्धा किलोच्या पुढे जाते आणि त्याच्या पात्याने बोट खोलवर कापले जाऊ शकते. तीस ग्रॅमचे यंत्र मात्र भिंतीवर आपटले, कपाटावर आदळले किंवा कोणाच्या खांद्यावर पडले, तरी सहसा कोणाला इजा होत नाही आणि यंत्रही बहुतेक वेळा शाबूत राहते. शिकताना ड्रोन वारंवार पडणारच, आणि त्यामुळे पडण्याची किंमत कमी ठेवणे हाच पहिल्या बांधणीचा मुख्य हेतू असावा.

तयार ड्रोन परदेशातून मागवण्याचा विचार कोणी करत असेल, तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या, तसेच पूर्ण किंवा अर्धवट सुट्या संचाच्या आयातीवर बंदी घातली आणि त्यातून संशोधन व संरक्षणासारखी मोजकी क्षेत्रे वगळली. सुट्या भागांवर अशी बंदी नाही. त्यामुळे मोटर, बोर्ड, सांगाडा असे भाग देशातल्या विक्रेत्यांकडून घेऊन स्वतः जोडणे हाच छंदासाठी सरळ मार्ग आहे. त्याचा लाभही मोठा आहे, कारण ज्याने यंत्र जोडले आहे त्यालाच ते मोडल्यावर दुरुस्त करता येते.

यंत्र हवेत कसे राहते

चारही पंखे एकाच दिशेने फिरले, तर त्यांच्या प्रतिक्रियेमुळे सांगाडा उलट दिशेने गरगरू लागेल. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील एक जोडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि दुसरी जोडी उलट दिशेने फिरवली जाते. पुढे जायचे असेल, तर मागच्या दोन मोटरांचा वेग वाढतो आणि यंत्र पुढे झुकते. जागच्या जागी वळायचे असेल, तर एका कर्णावरची जोडी वेगाने आणि दुसरी मंद फिरते, त्यामुळे एकूण उचल तेवढीच राहून नाक वळते. हे सगळे फेरफार फ्लाइट कंट्रोलर नावाचा छोटा बोर्ड करतो. त्यावरचा जायरो सेन्सर यंत्राच्या फिरण्याचा वेग सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि ती मोजणी व आपल्या हाताचा हुकूम यांतला फरक मिटेपर्यंत प्रत्येक मोटरला दुरुस्ती मिळत राहते. या बोर्डावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची वंशावळ मोठी रंजक आहे: आज सर्रास वापरले जाणारे बीटाफ्लाइट हे ज्या मल्टीवी नावाच्या प्रकल्पाच्या वंशातले आहे, तो प्रकल्प निन्टेन्डो कंपनीच्या वी या खेळाच्या रिमोटमधील सेन्सर काढून ते उडत्या यंत्रांवर बसवण्यापासून सुरू झाला.

एवढ्या लहान यंत्राला जीपीएस नसते. हात सोडला की ते जागेवर थांबणार नाही, संपर्क तुटला की घरी परतणार नाही, आणि वारा नेईल तिकडे वाहत जाईल. बाजारातले छायाचित्रणाचे ड्रोन पाहून आलेल्या माणसाने हे मनावर ठसवून घेतलेच पाहिजे.

कायदा आणि किनाऱ्याची मर्यादा

२५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंत वजनाचे यंत्र नॅनो वर्गात येते आणि ते उडवण्यासाठी वैमानिकाचा परवाना लागत नाही. आकाश मात्र सगळ्यांना सारखेच विभागलेले आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रकाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी आवश्यक असते. हा नकाशा आणि नोंदणीविषयीच्या चालू तरतुदी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पोर्टलवर उपलब्ध आहेत. घराबाहेर पहिले उड्डाण करण्यापूर्वी दोन्ही स्वतः पाहाव्यात, दुसऱ्याने सांगितले म्हणून विसंबू नये.

कोकणात हा नकाशा विशेष बारकाईने पाहावा लागतो. सिंधुदुर्गात चिपी येथे विमानतळ आहे, रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दल वापरते, आणि बंदरे व वीज प्रकल्प किनाऱ्यावर जागोजागी आहेत. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा यांसारखे जलदुर्ग संरक्षित स्मारके असल्याने तेथे परवानगीशिवाय काहीही उडवू नये. याखेरीज सागरी सुरक्षेच्या कारणावरून जिल्हा प्रशासन किंवा पोलीस ठराविक काळासाठी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, आणि ते नकाशावर दिसतीलच असे नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन, यंत्र दाखवून, आपण काय करणार आहोत ते सांगितलेले उत्तम. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यापासून अंडी घालतात. विणीच्या काळात तेथे ड्रोन काढूच नये.

काय काय घ्यावे

सांगाडा ६५ मिलिमीटरचा घ्यावा. हे माप समोरासमोरच्या दोन मोटरांच्या केंद्रांमधले, म्हणजे कर्णावरचे असते. त्यावर ३१ मिलिमीटर व्यासाची पाती बसतात. मोटर दोन प्रकारच्या मिळतात. ब्रशच्या मोटर स्वस्त असतात, पण त्यांचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते संपर्क, झिजतात आणि खाऱ्या हवेत त्यांचे आयुष्य आणखी कमी होते. म्हणून थोडा खर्च वाढला तरी ब्रशलेस मोटरच घ्याव्यात. ०७०२ किंवा ०८०२ हे त्यांचे नेहमीचे आकार आहेत. पहिले दोन अंक आतल्या भागाचा व्यास आणि पुढचे दोन त्याची उंची मिलिमीटरमध्ये दाखवतात. फ्लाइट कंट्रोलर, चारही मोटरांचे वेगनियंत्रक आणि रेडिओ रिसीव्हर हे सगळे एकाच पाटीवर असलेला बोर्ड घ्यावा, कारण सुटे भाग जोडत बसण्याइतकी जागा आणि वजनाची सवलत या आकारात नसते. रिसीव्हर एक्सप्रेसएलआरएस या रेडिओ पद्धतीचा, २.४ गिगाहर्ट्झचा असावा आणि रिमोटही त्याच पद्धतीचा. बॅटरी एका सेलची, साधारण ३०० मिलिअँपिअर-तासांची असते आणि तिचे वजन सुमारे ८ ग्रॅम भरते. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर तीन ते चार मिनिटे उड्डाण होते. हा वेळ कमी वाटेल, पण नवशिक्याच्या एकाग्रतेला तेवढा पुरतो. म्हणून बॅटऱ्या चार-सहा घ्याव्यात.

खर्चाचा मोठा वाटा रिमोट आणि चार्जर यांचा असतो, आणि तो तिथेच करावा. सांगाडा तुटेल, पाती तर मूठभर तुटतील, पण चांगला रिमोट पुढच्या प्रत्येक ड्रोनला उपयोगी पडेल. शिवाय तो संगणकाला जोडून सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या आभासी ड्रोनवर, सराव करता येतो. भाग पोस्टाने येईपर्यंतचा काळ याच सरावात घालवावा, कारण डावा अंगठा थ्रॉटल (म्हणजे मोटरांची ताकद) आणि वळण, उजवा अंगठा झुकणे, ही बोटांची सवय तिथे फुकटात लागते. कॅमेरा आणि डोळ्यांवर लावायचा गॉगल ही खरेदी पहिल्या ड्रोनसाठी करू नये.

हत्यारे थोडीच लागतात: तापमान बदलता येणारे सोल्डरिंग आयर्न, बारीक टोकाचा चिमटा, लहान स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक सोल्डरची तार, रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरू देणारा लेप) आणि स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा.

जोडणी

जोडणीसाठी पावसाळ्याचे दिवस फार चांगले. जून ते सप्टेंबर बाहेर उडवणे शक्यच नसते, तेव्हा माजघरातल्या टेबलावर पांढरे कापड पसरून काम सुरू करावे. पांढरे अशासाठी, की या ड्रोनचे स्क्रू जिऱ्याच्या दाण्याहून मोठे नसतात आणि शहाबादी लादीवर पडले तर पुन्हा सापडत नाहीत.

प्रथम मोटर सांगाड्यात बसवाव्यात. स्क्रू जास्त लांब असेल, तर त्याचे टोक मोटरच्या तांब्याच्या गुंडाळीला टेकते आणि मोटर पहिल्याच फेरीत जळते. म्हणून मोटरसोबत आलेलेच स्क्रू वापरावेत, आणि ते आवळल्यावर मोटर बोटाने फिरवून पाहावी. ती सहज, एकसारखी फिरली पाहिजे. त्यानंतर बोर्ड त्याच्या रबरी टेकूंवर बसवावा. हे टेकू मोटरांची थरथर जायरोपर्यंत पोचू देत नाहीत. म्हणून ते चेपून सपाट होईपर्यंत स्क्रू आवळू नयेत. बोर्डावरचा छोटा बाण सांगाड्याच्या नाकाकडे असावा.

अनेक बोर्डांवर मोटरच्या तारा खटक्यात बसणाऱ्या प्लगने जोडता येतात, पण बॅटरीची तार मात्र सोल्डर करावीच लागते. तो सांधा नीट समजून घ्यावा, कारण उड्डाणाचा सगळा प्रवाह त्यातून जातो. बोर्डावरच्या चकचकीत ठिपक्यावर फ्लक्सचा थेंब लावावा. आयर्न ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून त्याचे टोक ठिपक्यावर टेकवावे, दोन सेकंद थांबावे आणि मग सोल्डरची तार टोकाला न लावता ठिपक्याला लावावी. ठिपका पुरेसा तापला असेल, तर सोल्डर आपोआप पसरते आणि पाण्याच्या थेंबासारखा चमकदार घुमट तयार होतो. तारेच्या उघड्या टोकालाही असाच पातळ थर द्यावा. मग तार चिमट्यात धरून घुमटावर ठेवावी, वरून आयर्न टेकवावे, आणि दोन्ही थर एकमेकांत विरघळले की आयर्न उचलावे. तार मात्र तशीच, अजिबात न हलवता, दोन-तीन सेकंद धरून ठेवावी. थंड होताना तार हलली, तर सांधा राखाडी आणि खरखरीत दिसतो. असा सांधा पुन्हा तापवून दुरुस्त करावा. तो तसाच ठेवला, तर कधीतरी हवेतच सुटतो.

लाल तार धन खुणेवर, काळी ऋण खुणेवर. बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर सातत्य तपासणीवर ठेवून दोन्ही ठिपक्यांना टोके लावावीत. सलग बीप वाजली, तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत बॅटरी हातातही घेऊ नये. सोल्डरचा धूर श्वासात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसे असते.

संगणकावरची मांडणी

या टप्प्यावर पाती लावायची नाहीत. ती टेबलावरही नकोत. बोर्ड यूएसबी केबलने जोडून बीटाफ्लाइटचे कॉन्फिगरेटर, म्हणजे मांडणीचे ॲप, उघडावे. यंत्र हातात घेऊन नाक खाली झुकवले, की पडद्यावरच्या चित्राचेही नाक खाली गेले पाहिजे, उजवीकडे कलवले की चित्रही उजवीकडे. तसे झाले नाही, तर बोर्ड चुकीच्या दिशेने बसला आहे.

मोटरांचे क्रमांक ठरलेले असतात: मागची उजवी एक, पुढची उजवी दोन, मागची डावी तीन, पुढची डावी चार. बॅटरी जोडून, प्रत्येक मोटर एकेक करून मंद गतीने फिरवावी आणि बरोबर त्याच कोपऱ्यातली फिरते का, ते पाहावे. नेहमीच्या मांडणीत पुढची डावी आणि मागची उजवी घड्याळाच्या दिशेने, तर उरलेल्या दोन उलट दिशेने फिरतात. दिशा कळत नसेल, तर कागदाची अरुंद पट्टी फिरत्या मोटरच्या कडेला हलकेच लावावी, ती ज्या बाजूला ओढली जाते त्यावरून दिशा समजते. एखादी मोटर उलट फिरत असेल, तर सॉफ्टवेअरमधून किंवा तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करून ती सुधारता येते. पहिल्या उड्डाणाला यंत्र जागेवरच उलटून पडते, त्याचे कारण बहुधा हेच असते: क्रमांक, दिशा किंवा पाते यांपैकी काहीतरी एक चुकलेले.

रिमोट जोडून घेतल्यावर तीन स्विच नेमावेत. पहिला मोटर सुरू-बंद करण्याचा, म्हणजे आर्मचा. दुसरा अँगल मोडचा. या मोडमध्ये हात मोकळा सोडला की यंत्र आपोआप आडव्या पातळीत येते. तिसरा, पालथे पडलेले यंत्र मोटरांनी उलथवून सरळ करण्याचा, ज्याला टर्टल मोड म्हणतात. सुरुवातीला अँगल मोडची झुकण्याची मर्यादा ३० अंशांच्या आसपास ठेवावी आणि थ्रॉटलची कमाल मर्यादाही घटवावी. छोट्या खोलीत पूर्ण ताकदीची गरज नसते आणि घाबरलेला अंगठा नेहमी थ्रॉटल पुढे ढकलतो.

शेवटची तपासणी संपर्क तुटण्याची. पाती काढलेलीच असताना मोटर सुरू कराव्यात आणि रिमोट बंद करावा. मोटर क्षणभरात थांबल्या पाहिजेत. ही चाचणी झाल्यावरच पाती चढवावीत. पात्यांचे दोन प्रकार असतात, एक प्रत्येक दिशेसाठी, आणि पात्याची उंच कड फिरण्याच्या दिशेला पुढे असावी. पाते मोटरच्या दांड्यावर सरळ दाबून बसवावे आणि ते कड्याला घासत नाही ना, ते फिरवून पाहावे.

पहिले उड्डाण घरात

सर्वांत मोठी खोली निवडावी, पंखा बंद करावा, मुले आणि मांजर दुसऱ्या खोलीत ठेवावे. यंत्र चटईवर, आपल्यापासून दोन-तीन मीटरवर, शेपूट आपल्याकडे करून ठेवावे, म्हणजे त्याचे डावे-उजवे आणि आपले डावे-उजवे एकच राहते. आर्म करून थ्रॉटल हळूहळू न वाढवता एका ठाम हालचालीत वाढवून यंत्र गुडघ्याच्या उंचीवर न्यावे. जमिनीलगत स्वतःच्याच पात्यांची हवा आपटून वर येते आणि यंत्र डळमळते, म्हणून वीतभर उंचीवर तरंगवण्याचा प्रयत्न नवशिक्याला अवघड जातो. गुडघ्याच्या वर ते शांत होते. तिथे थ्रॉटलचा समतोल शोधावा. अंगठा सतत केसभर वरखाली होत राहतो, आणि काही बॅटऱ्यांनंतर हे भान न ठेवता जमू लागते.

काहीही बिघडते आहे असे वाटले की एकच गोष्ट करायची: आर्मचा स्विच बंद. यंत्र खाली पडेल आणि पडू द्यावे. ते हवेत वाचवण्याच्या धडपडीत पाती पडद्यात अडकतात आणि मोटर जळते. एका जागी स्थिर राहणे जमले की खोलीचा चौकोन फिरावा, मग नाक आपल्याकडे वळवून उडवावे. हा सराव सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत उपयोगी आहे, कारण आता उजवीकडचा हुकूम आपल्या डावीकडे दिसतो. तो पक्का होईपर्यंत घराबाहेर पडू नये. घर, पडवी, मग चोहोबाजूंनी कुंपण असलेले खळे, असा क्रम ठेवावा.

वारा ओळखणे

किनाऱ्यावर राहणाऱ्याला शाळेतच खारे आणि मतलई वारे शिकवलेले असतात, आणि त्या धड्याचा प्रत्यक्ष उपयोग येथे होतो. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि दुपारी तो जोरावर असतो. रात्री जमीन निवते आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तीस ग्रॅमच्या यंत्राला दुपारचा खारा वारा पेलत नाही, हे कोणीही पाहताक्षणी ओळखेल. माडाच्या झावळ्या सळसळत असतील तर यंत्र डब्यातून काढूच नये. पहाटेचा मतलई वारा मात्र फसवा असतो. तो मंद असतो, पुळणीवर उभे राहिले तर गालाला जेमतेम जाणवतो, आणि यंत्र हळूहळू लाटांच्या दिशेने नेत राहतो. नवशिक्याला ते लांब गेल्याचे कळते तेव्हा परतण्यासाठी त्याला वाऱ्याविरुद्ध यावे लागते आणि बॅटरी संपत आलेली असते. त्यामुळे पुळणीवर सकाळी उडवायचे नाही, असा नियमच करावा.

योग्य वेळ म्हणजे सकाळचा तो मधला काळ, जेव्हा मतलई वारा थांबलेला असतो आणि खारा वारा अजून उठलेला नसतो. ऋतू दिवाळीनंतरचा, आभाळ निरभ्र असतानाचा. जागा गावाबाहेरचा जांभ्याचा सडा, जिथे झाडे, विजेच्या तारा आणि माणसे कमी असतात आणि नजर दूरवर पोचते. सड्यावर वाळलेले गवत असेल, तर पाती त्यात अडकतात, म्हणून उतरण्यासाठी एखादे जुने पोते पसरावे. माडा-पोफळीच्या वाडीत उडवण्याचा मोह टाळावा. पोफळीच्या शेंड्यावर अडकलेला ड्रोन काढायला पाडेल्याला बोलवावे लागते, आणि एवढ्याशा खेळण्यासाठी कोणाला झाडावर चढवणे योग्य नाही. घारी घिरट्या घालू लागल्या, तर लगेच उतरावे; त्या यंत्रावर झडप घालू शकतात आणि पात्यांनी पक्ष्याला इजा होते. यंत्र नेहमी नजरेच्या टप्प्यात ठेवावे. हे यंत्र इतके लहान असते की पन्नास मीटरवर त्याचे नाक कोणते आणि शेपूट कोणते हे कळत नाही, तेव्हा त्याच्या बऱ्याच आतच थांबावे.

बॅटरी

या छंदात खरा धोका कशाचा असेल, तर तो लिथियम बॅटरीचा, म्हणून तिच्याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. साध्या लिथियम पॉलिमर सेलची पूर्ण भरलेली पातळी ४.२ व्होल्ट असते, तर उच्च व्होल्टच्या प्रकाराची ४.३५ व्होल्ट. चार्जरवरचा स्विच आपल्या बॅटरीच्या प्रकारावर आहे ना, हे प्रत्येक वेळी वाचून पाहावे. साध्या सेलला ४.३५ व्होल्ट देणे म्हणजे आगीला निमंत्रण. भरण्याचा प्रवाह क्षमतेइतकाच ठेवावा, म्हणजे ३०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.३ अँपिअर. उडवताना व्होल्टेज ३.३ च्या जवळ आले की उतरावे, कारण त्याखाली गेलेला सेल कायमचा दुबळा होतो. वापर नसेल तेव्हा बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या न ठेवता ३.८ व्होल्टवर ठेवाव्यात. पावसाळ्यात चार महिने न वापरता पडून राहणाऱ्या बॅटऱ्यांना हे विशेष लागू आहे.

चार्जिंग लादीवर किंवा जमिनीवर, आपण जागे असताना आणि त्याच खोलीत असतानाच करावे. गादी, लाकडी कपाट, नारळाच्या वाळलेल्या सोडणांचा ढीग यांच्या जवळ करू नये. बाजूला कोरड्या रेतीची बादली ठेवावी. गावाकडे वीज सारखी जाते-येते, आणि वीज परतताना दाब एकदम वाढू शकतो. वीज गेली की चार्जरची पिन काढावी आणि पुरवठा स्थिर झाल्यावर पुन्हा लावावी. उड्डाणानंतर गरम झालेली बॅटरी थंड झाल्याशिवाय भरू नये. फुगलेली, टोचलेली किंवा वाकलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती बाहेर मोकळ्यावर छोट्या बल्बला जोडून पूर्ण रिकामी करावी आणि ई-कचऱ्यात द्यावी, घरच्या कचऱ्यासोबत जाळू नये.

मीठ, वाळू आणि काथ्या

खारी हवा बोर्डावरच्या तांब्याला हळूहळू खाते. प्रथम सांध्यांवर हिरवट पूड दिसते, मग एखादी मोटर अधूनमधून अडखळते. यावर उपाय म्हणजे बोर्डाला ॲक्रिलिकचा संरक्षक लेप देणे. तो ब्रशने पातळ लावावा. यूएसबीचे तोंड, प्लग, बटण आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर असल्यास तो, एवढी ठिकाणे सोडावीत. ठेवण्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.

रत्नागिरी परिसरातल्या काही किनाऱ्यांवर वाळूत काळे कण मिसळलेले दिसतात. त्यात इल्मेनाइट आणि लोहयुक्त खनिजे असतात, आणि मोटरच्या आत तर चुंबक आहेत. यंत्र अशा वाळूत पडले, की काळे कण मोटरच्या घंटेच्या, म्हणजे बाहेरच्या फिरत्या कवचाच्या, आतल्या कडेला चिकटून दाढीसारखे उभे राहतात, आणि चुंबक व गुंडाळी यांच्यामधली फट इतकी अरुंद असते की एवढे दोन-चार कणही ती घासत राहतात. फुंकर मारून ते निघत नाहीत. मोटरची घंटा काढून, चिकटपट्टीचा किंवा चिकणमातीसारख्या डिंकाचा गोळा आतून फिरवून ते टिपून घ्यावे लागतात. मोटर फिरवल्यावर किरकिर ऐकू आली, तर ती साफ केल्याशिवाय उडवू नये. अंगणातल्या काथ्याचे धागे आणि केसही असेच पात्याखाली दांड्याभोवती गुंडाळले जातात. ते दर काही उड्डाणांनी पाते काढून चिमट्याने ओढून काढावेत.

समुद्राच्या पाण्यात पडलेले यंत्र हाती आले, तर पहिल्यांदा बॅटरी काढावी. नंतर यंत्र गोड्या पाण्यात भरपूर खळबळावे, कारण नुसते वाळवले तर पाणी जाते आणि मीठ मागे राहते. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन दोन दिवस सावलीत वाळू द्यावे. ती बॅटरी मात्र पुन्हा वापरू नये.

पुढचा सांगाडा घरचा

विकतच्या सांगाड्यावर हात बसला, की सांगाडा स्वतः करून पाहावा. सिंधुदुर्गात सहज मिळणारा माणगा बांबू यासाठी उत्तम आहे, कारण त्याची काठी भरीव आणि चिवट असते. चांगला वाळलेला तुकडा चिरून दोन सरळ कामट्या काढाव्यात, मधोमध खाच पाडून त्या काटकोनात एकमेकींत बसवाव्यात आणि सांधा दोऱ्याने बांधून त्यावर इपॉक्सी लावावे. मोटरांच्या केंद्रांमधले कर्णाचे अंतर ८० मिलिमीटर ठेवले, तर शेजारच्या मोटरांमध्ये सुमारे ५६.५ मिलिमीटर अंतर राहते आणि ४० मिलिमीटरची पाती एकमेकांना न लागता फिरतात. दोन्ही कर्ण समान असावेत आणि चारही मोटर एकाच पातळीत असाव्यात. सपाट काचेवर ठेवून कोणता कोपरा उचललेला आहे ते पाहावे आणि कानशीने घासावे. मोटरांखाली पातळ प्लॅस्टिकच्या चकत्या चिकटवाव्यात, बोर्ड रबरी टेकूंवरच बसवावा. या सांगाड्याला पात्यांभोवती कडी नसतात, म्हणून तो घरात उडवू नये आणि माणसांजवळही नेऊ नये. बांबू दमट हवेत पाणी पितो आणि वाकतो, तेव्हा कापल्यावर त्याला व्हार्निशचे दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळल्यानंतर सगळे यंत्र पुन्हा एकदा काट्यावर ठेवून वजन वहीत लिहून ठेवावे.